जीवाणूंचं प्रोटीन फक्त कॅन्सरच्याच पेशी मारू शकतं का?

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी त्याचा गाभा मांडतो. नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातले, बेळगावात एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात. जीवाणूंपासून मिळणारी काही प्रोटीनं फक्त कॅन्सरच्या पेशी हुडकून मारतात आणि निरोगी पेशींना हात लावत नाहीत, असं तुमच्या वाचनात आलं. प्रोजेक्ट त्यावरच करायचा विचार आहे. डिप्थेरियाचं टॉक्सिन घ्यावं, अ‍ॅझ्युरिन घ्यावं की अ‍ॅस्परॅजिनेज, असं विचारलंय. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, एका ओळीत सांगितलंत की निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेल्या तुमच्या मामांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघालाय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि अशी नवी ट्रीटमेंट कुठं मिळत असेल तर जबड्याला हात लावायची घाई कशाला, अशी घरात चर्चा चालू आहे.

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. प्रोजेक्टला सहा महिने आहेत, मामांना नाहीत.

मी डॉक्टर नाही. बेंगळूरच्या एका कंपनीत बरीच वर्षं ई. कोलाय या जीवाणूमध्ये प्रोटीन वाढवून ती शुद्ध करायचं काम केलं, आता बेळगावच्या टिळकवाडीत राहतो आणि याच कामात लहान प्रयोगशाळांना सल्ला देतो. त्यामुळे मामांचं ऑपरेशन कसं करावं यावर मी बोलणार नाही. पण ज्या औषधासाठी थांबायचं म्हणताय ते औषध काय आहे आणि काय नाही, हे खात्रीनं सांगू शकतो. तोंडाच्या कॅन्सरसाठी जीवाणूच्या टॉक्सिनपासून केलेलं मंजूर औषध आज नाही. इथं नाही, मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. तेव्हा थांबायचं ते कशासाठी? गालाचा कॅन्सर ऑपरेशन करण्याजोगा असेल तर ऑपरेशन हाच पहिला उपचार असतो, त्यानंतर गरजेप्रमाणे रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. जबड्याचं हाड किती काढावं लागेल, मानेतल्या गाठी काढायच्या का, हे बायोप्सी आणि सीटी स्कॅनवर ठरतं. ते कागद न बघता कुणी काही सांगितलं तर ऐकू नका, माझंही नाही.

दुसरं मत जरूर घ्या. मिरज, कोल्हापूर, हुबळी जवळ आहेत, बेंगळूरचं किदवई किंवा मुंबईचं टाटा लांब असलं तरी आपल्याकडची माणसं जातातच. फक्त दुसरं मत काही दिवसांत घ्यायचं असतं, त्यात महिने घालवायचे नसतात. पैशाचं म्हणाल तर ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन बसा. कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि त्यांना कुठले दाखले चालतात, हे तिथंच विचारा. मंजुरी आधी लागते. बिल झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही.

कुणी 'ट्रायलमध्ये घालतो' म्हणालं तर पहिली गोष्ट, त्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर मागा. भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक क्लिनिकल ट्रायल या सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे, आणि ती वेबसाइट कुणालाही फुकट बघता येते. नंबर नसेल तर तिथून उठायचं. संमतीपत्र मामांना समजेल अशा भाषेत देणं हा नियम आहे. समोर नुसतं कन्नड किंवा इंग्रजी ठेवलं तर मराठीतलं मागायला संकोच करू नका. आणि कुणी 'बॅक्टेरियल प्रोटीन'ची पावडर किंवा कॅप्सूल विकत असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की पोटात गेलेलं प्रोटीन डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचून जातं. गालातल्या गाठीपर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही.

आता विज्ञानाकडे वळू.

अशा बातम्यांमध्ये सगळा भर प्रोटीन पेशी मारतं यावर असतो. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातला तोच सर्वात सोपा भाग आहे. डिप्थेरिया म्हणजे घटसर्प. त्याच्या जीवाणूचं टॉक्सिन ५३५ अमिनो अ‍ॅसिडचं एकच प्रोटीन आहे, पण त्याचं काम तीन भागांत वाटलेलं आहे. एक भाग पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रोटीनला, चिकटतो. पेशी टॉक्सिनला पिशवीत गुंडाळून आत घेते, त्या पिशवीतून निसटायला दुसरा भाग वाट करून देतो. तिसरा भाग आत पोहोचून ईएफ-२ नावाचा घटक निकामी करतो. ईएफ-२ बंद पडला की पेशीत नवं प्रोटीन तयार होत नाही आणि पेशी मरते. हा तिसरा भाग एन्झाइम असल्यामुळे एकदा काम करून संपत नाही, एकामागून एक ईएफ-२ बाद करत राहतो. या भागाचा एकच रेणू आत पोहोचला तरी पेशी मरायला पुरतो, हे १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. स्यूडोमोनास या दुसऱ्या जीवाणूचं एक्सोटॉक्सिन रचनेनं वेगळं आहे, पण घाव त्याच ईएफ-२ वर घालतं.

या सगळ्यात कॅन्सर ओळखण्यासारखं कुठं काही आहे का? काहीच नाही. घटसर्पाचं टॉक्सिन तुमच्या-माझ्या घशातल्या निरोगी पेशीही तितक्याच निष्ठेनं मारतं. ओळख आपण बाहेरून जोडतो. मूळचा चिकटणारा भाग काढून टाकायचा आणि त्याच्या जागी कॅन्सरच्या पेशीवर जे असेल त्याला चिकटणारं दुसरं प्रोटीन जोडायचं, मग ते हॉर्मोनसारखं एखादं सायटोकाइन असो की अँटीबॉडीचा तुकडा. १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स असंच केलेलं आहे: घटसर्पाच्या टॉक्सिनला इंटरल्युकिन-२ हे सायटोकाइन जोडलेलं, त्वचेतल्या टी-पेशींच्या एका लिम्फोमासाठी. डिसेंबर २०१८ मध्ये आलेलं टॅग्राक्सोफस्प हे घटसर्पाच्या टॉक्सिनला इंटरल्युकिन-३ जोडून केलेलं, बीपीडीसीएन नावाच्या एका दुर्मीळ रक्ताच्या कॅन्सरसाठी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉक्सेट्युमोमॅब पासुडोटॉक्स मंजूर झालं, ते हेअरी सेल ल्युकेमियासाठी. त्यात स्यूडोमोनासच्या टॉक्सिनला अँटीबॉडीचा तुकडा जोडलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आयरा पास्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टॉक्सिनवर कित्येक दशकं काम केलं, त्यातून ते आलं.

पत्ता जोडला, काम झालं, असं वाटतं. पण पेशीवरचा पत्ता कधीच तेवढा नेमका नसतो. नुसतं 'पाटील, येळ्ळूर' लिहून पार्सल टाकलं तर ते किती दारांत फिरेल बघा की! कॅन्सरच्या पेशीवरचे बहुतेक रिसेप्टर निरोगी पेशींवरही असतात, फक्त कमी-जास्त प्रमाणात. म्हणून नवं टार्गेट कुणी समोर ठेवलं की मी विचारतो, त्याच पत्त्यावर आणखी कोण राहतं आणि ते गेले तर शरीराचं भागेल का.

याची दोन उदाहरणं बघा. मॉक्सेट्युमोमॅब ज्याला चिकटतं ते सीडी-२२ हे पेशीवरचं प्रोटीन निरोगी बी-पेशींवरही असतं. त्या मरतात. पण अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर सीडी-२२ नसतं, त्यामुळे बी-पेशी पुन्हा तयार होतात. शरीराला हा तोटा सोसतो. आता मेसोथेलिन हे पेशीवरचं दुसरं प्रोटीन घ्या. ते काही गाठींवर भरपूर असतं म्हणून त्यावर नेम धरून एसएस१पी नावाचं औषध केलं गेलं. पण मेसोथेलिन फुप्फुसाभोवतीच्या निरोगी आवरणावरही असतं. रुग्णांना तिथं सूज येऊन छातीत दुखू लागलं, आणि डोस किती वाढवता येईल याला तिथंच मर्यादा आली. मारणारा भाग दोन्हींत स्यूडोमोनासचाच, पत्त्यामुळे गोष्ट बदलली.

तुम्ही वाचलेल्या लेखात 'निरोगी पेशींना धक्का लागत नाही' असं होतं, त्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. या औषधांचा सर्वात धास्तीचा दुष्परिणाम म्हणजे रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपून बाहेर जाणं. सूज येते, वजन वाढतं, रक्तदाब पडतो, वेळीच लक्षात आलं नाही तर रुग्ण दगावतो. टॅग्राक्सोफस्प सुरू करण्याआधी रक्तातलं अल्ब्युमिन बघतात आणि ते डेसिलिटरमागे ३.२ ग्रॅमच्या खाली असेल तर पहिला डोस देत नाहीत. टार्गेटेड असलं तरी ही औषधं दवाखान्यात, नजरेखाली घ्यायची असतात.

दुसरी अडचण शरीराच्या बाजूनं येते. प्रोटीन जीवाणूचं, म्हणजे परकं. शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करणारच. घटसर्पाच्या बाबतीत तर आपण हे काम लहानपणीच उरकून ठेवलेलं असतं. त्रिगुणी लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात या टॉक्सिनविरुद्ध अँटीबॉडी बहुधा असतातच आणि त्या औषधाचा काही भाग वाटेतच अडवतात. स्यूडोमोनासच्या टॉक्सिनची अशी लस कुणी घेतलेली नसते, म्हणून ते सुरुवातीला बरं पडतं. पण ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत आहे अशा रुग्णात पहिल्या कोर्सनंतर काही आठवड्यांत अँटीबॉडी उभ्या राहतात आणि पुढचे डोस वाया जातात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच मोडकळीला आलेली असते, त्यामुळे तिथं जास्त कोर्स देता येतात.

वर मी जी तीन मंजूर औषधं सांगितली ती तिन्ही रक्ताच्या किंवा लिम्फच्या कॅन्सरची का, याचं अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं पोहोचण्याचं. रक्तात फिरणाऱ्या पेशीला औषध लगेच भेटतं. गालातल्या घट्ट गाठीत एवढं मोठं प्रोटीन शिरणं अवघड असतं. आतला दाब जास्त, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या. कडेच्या पेशी मरतात, मधल्या तशाच राहतात. मामांच्या प्रकारच्या आजारावर प्रयत्न झाला नाही असं मात्र नाही. व्हीबी४-८४५ नावाचं स्यूडोमोनासच्या टॉक्सिनपासून केलेलं एक औषध डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये सरळ गाठीत टोचून तपासलं गेलं. तिथं ते मंजुरीपर्यंत गेलं नाही. पुढं तेच औषध मूत्राशयात सोडून तिथल्या कॅन्सरसाठी आजमावलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी द्यायला नकार दिला. घरच्यांना समजावताना हे सांगा. लोक विसरले म्हणून हे औषध आलं नाही असं नाही, करून बघितलंय.

माझ्या धंद्यातली एक बाजू तुम्हाला पेपरांत दिसणार नाही, म्हणून इथं थोडा थांबतो. डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्सची विक्री २०१४ मध्ये बंद झाली. औषध चालत नव्हतं म्हणून ती बंद झाली नाही, ते ई. कोलायमध्ये तयार करून शुद्ध करताना येणाऱ्या अडचणींमुळे झाली. सुधारलेलं रूप मंजूर व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. ज्यानं हे काम केलंय त्याला नवल वाटणार नाही. दोन वेगवेगळ्या जिवांची प्रोटीनं एका धाग्यात शिवली की ई. कोलाय ती नीट घडी घालून देईलच असं नाही. बऱ्याचदा सगळं पेशीत गोळा होऊन बसतं. ते युरियात विरघळवायचं, हळूहळू युरिया काढत घडी बसवायची आणि नीट घडीचे रेणू चुकार रेणूंपासून वेगळे करायचे. चुकार रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात, आणि रक्तात गेलेला गठ्ठा म्हणजे अँटीबॉडीला आमंत्रण. प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच स्वच्छ पट्टा दिसला म्हणून प्रोटीन औषधालायक झालं असं समजू नका. एसडीएस जेलला घडी दिसत नाही. ते प्रोटीन उलगडूनच चालवतं.

आता अ‍ॅस्परॅजिनेज. मला विचाराल तर जीवाणूंच्या प्रोटीननं कॅन्सरमध्ये सर्वात जास्त जीव याच औषधामुळे वाचलेत, आणि त्याला पत्ता लागतच नाही. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तद्रवानं उंदरांमधला लिम्फोमा विरघळतो. त्यामागे अ‍ॅस्परॅजिनेज हे एन्झाइम आहे हे १९६० च्या दशकात कळलं, आणि तसंच एन्झाइम ई. कोलायमध्येही सापडलं. अमेरिकेत ते १९७८ मध्ये मंजूर झालं. मुलांमधल्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात ते आज जगभर वापरतात. आपल्याकडे असं मूल ज्या हॉस्पिटलात भरती होतं, तिथल्या नर्सला ते इंजेक्शन माहीत असतं.

हे एन्झाइम पेशीच्या आत जात नाही, कशाला चिकटत नाही. रक्तात फिरत राहतं आणि अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो अ‍ॅसिड फोडून त्याचं अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आणि अमोनिया करतं. निरोगी पेशींचं फारसं अडत नाही, त्या स्वतःचं अ‍ॅस्परॅजिन बनवतात. या ल्युकेमियाच्या पेशींना ते नीट बनवता येत नाही, रक्तातल्यावरच त्या जगतात. ते संपलं की त्यांची उपासमार होते. पेशीच्या पृष्ठभागावरचं टार्गेट शोधण्यापेक्षा तिच्या चयापचयातलं वैगुण्य शोधणं कधी कधी जास्त फळतं, हे मला याच एन्झाइमवर काम करताना पटलं. अर्थात हेही परकं प्रोटीन. काही मुलांना अ‍ॅलर्जी होते. काहींत वरवर काहीच दिसत नाही, पण अँटीबॉडी एन्झाइम गुपचूप निकामी करतात. म्हणून जिथं सोय आहे तिथं रक्तातली एन्झाइमची सक्रियता मोजतात, ती मिलिलिटरला ०.१ युनिटच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. स्वादुपिंडाला सूज, रक्ताच्या गुठळ्या, वाढलेली साखर हे धोके वेगळेच. पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेलं रूप जास्त दिवस टिकतं, आणि ई. कोलायच्या एन्झाइमची अ‍ॅलर्जी झालेल्यांना अर्विनिया नावाच्या दुसऱ्या जीवाणूचं एन्झाइम देतात.

अ‍ॅझ्युरिनबद्दल थोडक्यात. स्यूडोमोनासचं हे तांबं धरणारं १२८ अमिनो अ‍ॅसिडचं लहान प्रोटीन. शिकागोत काम केलेले आनंद मोहन चक्रवर्ती, ज्यांच्या तेल खाणाऱ्या जीवाणूचं पेटंट १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलं, तेच यामागचं मोठं नाव. त्यातला २८ अमिनो अ‍ॅसिडचा पी२८ हा तुकडा कॅन्सरच्या पेशीत जास्त शिरतो आणि पी५३ या गाठी रोखणाऱ्या प्रोटीनला टिकवून धरतो असं त्यांच्या गटानं दाखवलं. माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, १५ रुग्णांवर. डोस थांबवावा लागेल असा विषारी परिणाम दिसला नाही. पण औषध म्हणून ते मंजूर झालेलं नाही. पहिल्या टप्प्यात सुरक्षितता बघतात, आजार बरा होतो का ते नंतर कळतं. 'माणसांवर यशस्वी' अशी बातमी दिसली की कितवा टप्पा ते आधी बघत चला.

तेव्हा इथवरचं सार असं: टॉक्सिन मारतं पण ओळखत नाही, अ‍ॅस्परॅजिनेज ओळखत नाही पण एका ठरावीक कॅन्सरला उपाशी ठेवतं, अ‍ॅझ्युरिनचं अजून ठरायचंय, आणि गाठीच्या कॅन्सरमध्ये यातलं काहीच रुळलेलं नाही. तरीही मामांच्या उपचारात जीवाणूचं प्रोटीन येणारच नाही असं म्हणता येत नाही. पुढं त्यांना सेटुक्सिमॅब किंवा निवोलुमॅबसारखी अँटीबॉडी द्यायची वेळ आलीच, तर ती कारखान्यात बहुधा प्रोटीन-ए च्या कॉलमवरून, म्हणजे ते भरलेल्या गाळणीच्या नळीतून, शुद्ध होऊन आलेली असेल. हे प्रोटीन-ए मूळचं स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचं. अँटीबॉडीला ते असं घट्ट धरतं, की जगातल्या बहुतेक अँटीबॉडी औषधांच्या शुद्धीकरणाची पहिली पायरी तीच असते. यावर बातम्या होत नाहीत.

आता प्रोजेक्ट. डिप्थेरिया किंवा स्यूडोमोनासच्या टॉक्सिनचं जनुक घ्यायचा विचार सोडून द्या. त्याला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या आणि त्यावरच्या परवानग्या लागतात, प्रशिक्षित माणूस लागतो, आणि एमएस्सीच्या प्रयोगशाळेत ते काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी दोन्हींपैकी काय घ्यायचं ते तुमच्या कॉलेजात काय आहे यावर अवलंबून.

पेशी वाढवायची सोय, म्हणजे कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर आणि स्वच्छ हूड, नसेल तर अ‍ॅस्परॅजिनेज घ्या. पण दरवर्षी शेकडो विद्यार्थी करतात तसं नको. मातीचा नमुना आणायचा, फिनॉल रेड घातलेल्या प्लेटवर पसरायचा, अमोनियामुळे गुलाबी वलय आलं की 'कॅन्सरविरोधी एन्झाइम सापडलं' असं लिहून बांधणी करायची. गुलाबी वलय फक्त एवढंच सांगतं की अमोनिया सुटला. रक्तात अ‍ॅस्परॅजिन असतं सुमारे ५० मायक्रोमोलर. एन्झाइमला एवढ्या कमी प्रमाणातलं अ‍ॅस्परॅजिन पकडता आलं तरच उपयोग, म्हणजे त्याचा केएम, एन्झाइम निम्म्या वेगानं चालायला लागणारं प्रमाण, मायक्रोमोलरमध्ये हवा. ई. कोलायमध्येच दोन अ‍ॅस्परॅजिनेज असतात. त्यांतलं टाइप-२ औषध झालं. टाइप-१ ची पकड सैल आहे, त्यानं गाठीवर काही होत नाही. प्लेटमध्ये आपण अ‍ॅस्परॅजिन भरपूर घालतो, त्यामुळे सैल पकडीचं एन्झाइमही झकास गुलाबी दिसतं.

म्हणून तुमचा प्रश्न असा ठेवा: आपल्या भागातल्या मातीतून मिळालेल्या जीवाणूंच्या एन्झाइमचा केएम किती, ३७ अंशाला आणि ७.४ पीएचला ते किती तास टिकतं, आणि ते ग्लुटामिनही फोडतं का? ग्लुटामिन फोडणं हे काही दुष्परिणामांशी जोडलं जातं, म्हणून ते मोजलेलं बरं. खानापूरच्या जंगलातली माती, निपाणीकडची तंबाखूच्या रानातली काळी माती, मार्कंडेय नदीच्या काठचा गाळ, नमुन्यांना तोटा नाही. पण दोनच जीवाणू घ्या आणि हे तीन आकडे नीट काढा. असा प्रबंध मी वीस जीवाणूंच्या यादीपेक्षा जास्त आवडीनं वाचेन. अमोनिया मोजायला नेसलरचा रिएजंट वापरणार असाल तर त्यात पारा असतो. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

पेशींची सोय मिळत असेल तर अ‍ॅझ्युरिन करता येईल. केएलईच्या संशोधन केंद्रात किंवा नेहरूनगरातल्या आयसीएमआरच्या संस्थेत गाइडनी रीतसर पत्र दिलं तर विचारून बघता येईल, हो-नाही त्यांच्या हातात. पेशींच्या लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थेतून मागवता येतात. अ‍ॅझ्युरिनचा एक फायदा असा, की तांबं बसून घडी नीट झाली की प्रोटीन निळं दिसतं, ६२८ नॅनोमीटरच्या आसपास शोषण येतं. डोळ्यांनी कळणारी खूण अशी क्वचितच मिळते. जनुक मात्र ई. कोलायमध्ये घालून घ्या; स्यूडोमोनास वाढवत बसू नका, तो संधी मिळाली की माणसालाही धरतो.

आणि खरी कसोटी तुलनेच्या नमुन्यांत आहे. ई. कोलायमधून काढलेल्या प्रत्येक प्रोटीनबरोबर त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन येतं. ते काढलं नाही, मोजलं नाही, आणि प्रोटीन घालून पेशी मेल्या, तर कशानं मेल्या हे तुम्हाला सांगता येणार नाही. औषधात या बाबतीत केवढी काटेकोर मर्यादा असते बघा: शिरेतून देताना दर किलो वजनाला तासाला ५ एंडोटॉक्सिन युनिट. म्हणून रिकामं प्लाझ्मिड, म्हणजे अ‍ॅझ्युरिनचं जनुक न घातलेलं डीएनएचं वर्तुळ, असलेल्या ई. कोलायचं पाणी त्याच कॉलमवरून, त्याच पद्धतीनं काढून तेही पेशींवर घाला. तांबं न बसलेलं अ‍ॅझ्युरिन घाला. निरोगी पेशी म्हणून कुठलीही हाताशी असलेली लाइन घेऊ नका. तोंडाच्या कॅन्सरची लाइन घेतलीत तर तुलनेला तोंडाच्या आवरणाच्याच पेशी शोधा. आणि फक्त एमटीटीवर विसंबू नका. ती चाचणी पेशी जिवंत किती हे सरळ मोजत नाही, त्यांचं चयापचय किती चाललंय हे मोजते. मंदावलेली पेशी आणि मेलेली पेशी तिला एकसारख्याच दिसतात, म्हणून जोडीला मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगानं मोजणी करा.

गाइडची सही होण्याआधी मला एवढं कळवा: कॉलेजात शेकर, हाय-स्पीड सेंट्रिफ्यूज आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू स्थितीत आहेत का, थंड खोली आहे का, आणि गाइडना पेशींवरच्या कामाचा अनुभव आहे का. त्यावरून दोन्हींपैकी कुठला विषय घ्यायचा ते ठरवू. आणि मामांचे बायोप्सी-सीटीचे कागद इथं टाकू नका, त्यांच्या सर्जनकडे घेऊन जा.